विचारा बिनधास्त : प्रेसिडेंशियल लायब्ररी बघायला जायचंय!

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आले की नायगारा, आउटलेट मॉल आणि मंदिर एवढ्यावरच थांबू नका, जवळपास एखादी प्रेसिडेंशियल लायब्ररी असेल तर तीही दाखवा. एक ओळ होती फक्त, पण पत्रं आली ती सगळी त्याच ओळीवर. म्हणून आजचा सगळा कॉलम तिलाच.

ज्यांना मुळात हे प्रकरण काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. राष्ट्राध्यक्ष पायउतार झाला की त्याच्या कारकिर्दीतली सगळी कागदपत्रं, फोटो, टेप्स, मिळालेल्या भेटवस्तू हे सगळं एका ठिकाणी ठेवतात, त्याला जोडून एक म्युझियम असतं, आणि हे शक्यतो त्याच्या गावी किंवा त्याच्या राज्यात. हर्बर्ट हूव्हरपासून धाकट्या बुशपर्यंत प्रत्येकाचं एक आहे, आणि ते नॅशनल आर्काइव्हज म्हणजे केंद्र सरकारचं दप्तरखातं चालवतं. इमारत मात्र त्या माणसाचं फाउंडेशन देणग्या गोळा करून बांधतं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

प्रश्न : सासू-सासरे सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेत. सासरे बँकेतून रिटायर झालेले, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारे, मॉलमध्ये बसून पार कंटाळलेत. आम्ही प्लेनोला राहतो, डॅलसची बुश लायब्ररी जवळ पडते. खरंच बघण्यासारखी आहे का उगाच तिकिटाचे पैसे? सासूबाईंचे गुडघे दुखतात, तेही बघायला लागतं. — एक सून, प्लेनो

अगं तू टेक्ससमध्ये आहेस, तुझी तर चंगळ आहे, एकाच राज्यात तीन तीन. डॅलसला धाकटे बुश, कॉलेज स्टेशनला थोरले बुश आणि ऑस्टिनला लिंडन जॉन्सन.

डॅलसचं एसएमयू युनिव्हर्सिटीच्या आवारात आहे, २०१३ मध्ये सुरू झालं. स्वच्छ, प्रशस्त, सासूबाईंना व्हीलचेअर मिळेल (आदल्या दिवशी फोन करून विचारून ठेव, गर्दीच्या दिवशी संपतात). तिथे ट्विन टॉवर्सचा वाकडातिकडा झालेला लोखंडी तुळईचा तुकडा ठेवलाय आणि त्याला चक्क हात लावू देतात, तिथे लोक आपोआप गप्प होतात. आणि एक छोटं थिएटर आहे, त्यात तुम्हाला इराक, कत्रिना वादळ, आर्थिक मंदी असे प्रसंग देतात, सल्लागार काय म्हणतात ते स्क्रीनवर ऐकवतात, मग तुम्ही बटण दाबून निर्णय द्यायचा, आणि शेवटी बुशसाहेब स्वतः येऊन सांगतात की मी काय केलं आणि का केलं. सासऱ्यांना हे फार आवडेल बघ. फक्त बाहेर पडताना त्यांना एवढं विचार की बाबा, प्रश्नपत्रिका कुणी काढली होती? पर्याय कुठले द्यायचे ते ठरवणारा आणि शेवटी उत्तर समजावणारा एकच असला की विद्यार्थी बहुतेक वेळा त्याच्याशीच सहमत होतो.

पण सासरे जर खरंच पेपर वाचणारे असतील ना, तर एक वीकेंड काढ आणि त्यांना ऑस्टिनला ने. गाडीने तीन-साडेतीन तास. माझं विचारशील तर टेक्ससमधल्या तिघांत तेच सगळ्यात भारी. बाहेरून खिडक्या नसलेली दहा मजली पेटी वाटते, आत गेलं की मोठ्या हॉलमध्ये मान वर करायची, काचेमागे चार मजले भरून लाल खोके ओळीने लावलेत, प्रत्येकावर सोनेरी शिक्का. ती शोभेची नाहीत, त्यात खरे कागद आहेत, एकूण साडेचार कोटी पानं. बाकी ठिकाणी कागद तळघरात असतात आणि वर नुसता शो, इथे जॉन्सनबाबाने कागदच समोर मांडून ठेवलेत.

आणि फोन! जॉन्सनना फोनवरची संभाषणं टेप करायची सवय होती, ती ऐकायला ठिकठिकाणी रिसीव्हर ठेवलेत, उचलायचा आणि कानाला लावायचा. लोकांना गोंजारणं, दमदाटी, मधेच विनोद, सगळं एका दमात. त्यांनी खरं तर सांगून ठेवलं होतं की मी गेल्यावर पन्नास वर्षं या टेप्स उघडायच्या नाहीत. ते गेले १९७३ च्या जानेवारीत, म्हणजे आपल्याला २०२३ पर्यंत थांबायला लागलं असतं, पण लायब्ररीच्या डायरेक्टरने त्यांच्या पत्नीच्या संमतीने १९९३ मध्येच उघडायला सुरुवात केली, टेप्स जुन्या होऊन खराब होतील म्हणून. शिवाय जॉन्सनचा एक हलणारा-बोलणारा पुतळा आहे, तो उभा राहून गावठी विनोद सांगतो, नातवंडं असली तर तिथून हलत नाहीत.

आता सासऱ्यांसाठी खास. त्यांच्या वयाच्या माणसाला रेशनवरचा अमेरिकन गहू नक्की आठवत असणार, आणि लाल मिलो ज्वारी पण. तो गहू पीएल-४८० नावाच्या कायद्याखाली यायचा, कायदा आयसेनहॉवरच्या काळातला, १९५४ चा. पण १९६५-६६ ला आपल्याकडे लागोपाठ दुष्काळ पडला तेव्हा जॉन्सननी वर्षाचा करार करायचं बंद केलं आणि थोडा थोडा गहू सोडायला लागले, पुढची जहाजं सोडायची का नाही ते स्वतः बसून ठरवायचे. एक तर भारताने शेतीकडे नीट लक्ष द्यावं म्हणून, आणि दुसरं म्हणजे व्हिएतनामवर दिल्लीने टीका केलेली त्यांना झोंबत होती. १९६६ मध्ये भारताने बाहेरून जवळजवळ एक कोटी टन धान्य आणलं, आणि त्यातलं बहुतेक अमेरिकेचं. इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्या झाल्या त्याच वर्षी मार्चमध्ये वॉशिंग्टनला गेल्या त्याच्यामागे हेच. आपल्या घरात चपाती लाटली जायची की नाही याचा हिशोब ज्या टेबलावर व्हायचा त्याचे कागद त्या लाल खोक्यांत आहेत. सासऱ्यांना हॉलमध्ये उभं करून एवढं सांग, मग बघ कसे बोलायला लागतात, सासूबाईंना पण रेशनच्या रांगा आठवतील.

प्रश्न : आत फोटो काढू देतात का? आणि शाकाहारी खायला काय? — भोचक प्रश्नाबद्दल माफी, शार्लट

फोटो काढू देतात, फ्लॅश नको. खायला कुठे कॅफे असतो, कुठे नुसतं व्हेंडिंग मशीन, तेव्हा डबा गाडीत ठेवा आणि पार्किंगजवळच्या बाकावर खा. मेथीचे ठेपले, विषय संपला.

प्रश्न : आम्ही ऑरेंज काउंटीत राहतो. रेगन लायब्ररी आणि निक्सन लायब्ररी दोन्ही एका दिवसात होण्यासारख्या आहेत. नवरा म्हणतो रेगन, तिथे विमान आहे. मी म्हणते निक्सन, घराजवळ आहे. पण निक्सनच्या म्युझियममध्ये निक्सनचा उदोउदोच असणार ना? — द्विधा, अर्वाइन

एका दिवसात दोन नका करू, एलएचं ट्रॅफिक तुमची वाट लावेल आणि दुसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत दार बंद.

नवरा चुकीचं बोलत नाहीये. सिमी व्हॅलीला डोंगरावर ते आहे आणि तिथे खरंखुरं एअर फोर्स वन एका काचेच्या हॉलमध्ये उभं केलंय, बोइंग ७०७, निक्सनपासून धाकट्या बुशपर्यंत सात राष्ट्राध्यक्षांनी वापरलेलं, आणि आतून चालत जाता येतं. आतून बघितलं की पहिलं मनात येतं ते म्हणजे अरे, हे एवढं अरुंद? बाहेर बर्लिन भिंतीचा तुकडा आहे, पलीकडे रेगन पतिपत्नींची समाधी आहे, दरीचा व्ह्यू तर अप्रतिम. मुलं असतील तर रेगनच.

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर निक्सनकडेच आहे. ही म्युझियमं म्हणजे लग्नाचा अल्बम असतो हो, त्यात रुसून बसलेले मामा दिसत नाहीत. पैसे फाउंडेशनचे, सुरुवातीचं प्रदर्शन घरच्यांच्या आणि जवळच्यांच्या मर्जीचं, मग हिरो हिरोच राहणार. निक्सनचं यॉर्बा लिंडाचं म्युझियम तर १९९० मध्ये सुरू झालं तेव्हा पूर्ण खासगी होतं, सरकारचा काही संबंध नाही, आणि वॉटरगेटच्या, म्हणजे ज्या भानगडीत निक्सनना पद सोडायला लागलं तिच्या, दालनात सूर असा की हा विरोधकांनी साहेबांना घालवायला केलेला डाव. २००७ मध्ये नॅशनल आर्काइव्हजने ताबा घेतला, जुनं दालन उखडलं आणि २०११ मध्ये नवीन वॉटरगेट प्रदर्शन लावलं. फाउंडेशनच्या लोकांना ते अजिबात आवडलं नव्हतं. त्यात निक्सननी व्हाइट हाऊसमध्ये करून ठेवलेल्या टेप्स ऐकायला मिळतात, आणि त्यातली ती प्रसिद्ध साडेअठरा मिनिटांची खरखर, जिथलं बोलणं कुणीतरी पुसलंय, तीही गोष्ट आहेच.

याचं मूळ कुठे आहे माहितीये? आधी अशी पद्धत होती की राष्ट्राध्यक्षाचे कागद ही त्याची खासगी मालमत्ता, तो घरी घेऊन जाणार, मनात आलं तर दान करणार. १९७४ मध्ये निक्सन राजीनामा देऊन गेले आणि लगेच टेप्सवर हक्क सांगायला लागले, तेव्हा काँग्रेसने (इथली संसद, आपली पार्टी नव्हे) कायदा करून ते सगळं ताब्यात घेतलं. पुढे १९७८ ला सगळ्यांसाठीच कायदा आला, तो रेगनपासून लागू झाला, की हे कागद जनतेचे. म्हणजे आज आपण कुठल्याही लायब्ररीत जाऊन कागद मागू शकतो ते एका अर्थी निक्सनची कृपा. उदोउदो करायचाच तर याच्यासाठी करा.

आणि आपल्या लोकांसाठी तिथला खरा ऐवज म्हणजे १९७१. नोव्हेंबरच्या सुरुवातीला इंदिरा गांधी व्हाइट हाऊसमध्ये भेटल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी निक्सन आणि त्यांचे सल्लागार किसिंजर त्यांच्याबद्दल जे बोलले ते टेपवर जसंच्या तसं आहे. इथे छापता येणार नाही, संपादक कात्री घेऊन बसलेत. २००५ मध्ये ते बाहेर आलं तेव्हा किसिंजरनी खेद व्यक्त केला होता. अशा एकूण सुमारे ३७०० तासांच्या टेप्स आहेत, बऱ्याचशा घरबसल्या ऐकता येतात.

बाहेर पडण्याआधी ते छोटं पांढरं घर बघा, निक्सनच्या वडिलांनी स्वतः उभं केलेलं, साहेब तिथेच जन्मले, आणि थोड्याच अंतरावर ते आणि पॅट निक्सन पुरलेत. शिवाय राजीनाम्यानंतर हात उंचावून ज्या हेलिकॉप्टरमध्ये चढले तेही आवारातच आहे. जन्म, गच्छंती आणि समाधी एवढ्या जवळ जवळ मी दुसरीकडे बघितलेलं नाही.

प्रश्न : मी विक्रोळीचा. लहानपणापासून मोठ्यांकडून ऐकत आलोय की अमेरिकेच्या प्रेसिडेंटची आई आमच्या गोदरेज कॉलनीत राहायची आणि दवाखान्यात काम करायची. मुलगा आता अटलांटाला आहे, त्याला सांगितलं तर हसतो. खरं आहे का हो? — एक विक्रोळीकर, सध्या मुलाकडे

शंभर टक्के खरं, मुलाला म्हणावं हसू नकोस, गाडी काढ.

जिमी कार्टर यांच्या आई, लिलियन कार्टर. पेशाने नर्स. १९६६ मध्ये, वय वर्षं ६८, पीस कॉर्प्समध्ये (परदेशात स्वयंसेवक पाठवणारं अमेरिकेचं सरकारी खातं) नाव घातलं आणि थेट विक्रोळीला येऊन १९६८ पर्यंत राहिल्या. आधी कुटुंब नियोजनाच्या कामात, मग दवाखान्यात, त्यात कुष्ठरोगीही आले. जॉर्जियातलं प्लेन्स म्हणजे भुईमुगाचं गाव, तिथे गोऱ्या-काळ्यांची वस्ती वेगळी, अशा ठिकाणची ही बाई आणि मुंबईचा पाऊस, ती चिखलातली वाट, रोज दाराशी लागलेली पेशंटांची रांग. घरी लिहिलेली त्यांची पत्रं पुढे पुस्तकरूपाने आली. गंमत म्हणजे त्यांचा वाढदिवस १५ ऑगस्ट. तेव्हा मुलगा कुणी प्रेसिडेंट वगैरे नव्हता हां, जॉर्जियाच्या राजकारणातला एक माणूस, १९६६ ला गव्हर्नरपदाची निवडणूक हरलेला. त्यामुळे कॉलनीत त्यांना कुणी व्हीआयपी म्हणून वागवायचा प्रश्नच नव्हता. १९७७ मध्ये मुलगा व्हाइट हाऊसमध्ये बसल्यावर महिन्याभरात आपले राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद गेले, तेव्हा अंत्यविधीला अमेरिकेच्या शिष्टमंडळाच्या प्रमुख म्हणून आईलाच पाठवलं.

अटलांटाची कार्टर लायब्ररी १९८६ ची, बागेत आहे, आतला जपानी बगीचा तुम्हाला आवडेल, २००२ चं शांततेचं नोबेल पदक तिथे आहे. पण मी तुम्हाला अजून एक धागा देते. कार्टरच्या काळात भारत-अमेरिका संबंधात सगळ्यात मोठं दुखणं होतं ते आपल्या तारापूरचं. तारापूरच्या अणुभट्ट्यांना लागणारं युरेनियम अमेरिकेने द्यायचं असा १९६३ चा करार, पण १९७४ ला आपण पोखरणला स्फोट केला आणि १९७८ ला त्यांनी कडक कायदा केला, मग इंधन अडकलं. १९७८ च्या जानेवारीत कार्टर दिल्लीला आले तेव्हा मोरारजींना कसं थंड आणि रोखठोक पत्र लिहायला पाहिजे हे ते आपल्या मंत्र्याला हळूच सांगत होते आणि मायक्रोफोन चालू राहिलेला, सगळ्या पत्रकारांनी ऐकलं! शेवटी १९८० मध्ये कार्टरनीच इंधन पाठवायचं ठरवलं, खालच्या सभागृहाने नाही म्हटलं, सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ असं कसंबसं निभावलं. म्हणजे आई विक्रोळीला, मुलाची डोकेदुखी तारापूरला, मधे शंभरेक किलोमीटर. आणि २००६ मध्ये तेच कार्टर म्हातारपणी लोणावळ्याजवळ हातोडी घेऊन गरिबांची घरं बांधायला आले होते, ते तुमच्या मुलालाही आठवत असेल, ब्रॅड पिट आला होता म्हणून पेपरात फोटो होते.

प्रश्न : मी पुण्यात इतिहास शिकवायचे, आता निवृत्त. मुलीकडे येणार आहे. म्युझियम ठीक आहे पण मला खरे कागद बघायचेत. मी भारतीय नागरिक, कुठल्या युनिव्हर्सिटीचं पत्र नाही. आत सोडतील का? — कोथरूड

सोडतील, आणि फुकट सोडतील. म्युझियमला तिकीट असतं, साधारण दहा ते तीस डॉलर, रीडिंग रूमला काही नाही. ना युनिव्हर्सिटीचं पत्र, ना सिटिझनशिप. पासपोर्ट दाखवायचा, फॉर्म भरायचा, रिसर्चर कार्ड मिळतं. आपल्याकडे अर्ज, शिफारस, साहेब रजेवर, उद्या या, हे सगळं आयुष्यभर केलेल्या माणसाला पहिल्यांदा विश्वासच बसत नाही.

मॅडम, फक्त एक करा, निघायच्या महिनाभर आधी त्या लायब्ररीच्या आर्काइव्हिस्टला ईमेल करा, विषय नेमका लिहा. 'भारत' असं लिहू नका, 'तारापूर इंधन पुरवठा १९७८ ते ८०' असं लिहा. ते लोक इतकी मदत करतात, कुठला खोका, कुठलं फोल्डर, काय आधीच ऑनलाइन आहे, सगळं सांगतात. वेबसाइटवर संग्रहाच्या याद्या असतात त्या चाळून जा.

आत पर्स, पेन, पाण्याची बाटली सगळं लॉकरमध्ये. पेन्सिल फक्त. टेबलावर राखाडी खोका येतो, एका वेळी एकच फोल्डर काढायचं, त्यातली पानं आहेत त्याच क्रमाने ठेवायची, फोनने बिनफ्लॅशचे फोटो काढले तर चालतात. आणि मधेच कधी एक छापील कागद लागतो, की इथे अमुक तारखेचं, अमक्याने तमक्याला लिहिलेलं पत्र होतं, सुरक्षेच्या कारणाने काढलंय. मला हा कागद फार आवडतो. लपवलंय, पण लपवलंय हे सांगितलंय, आणि ते उघडा असा अर्ज करायची सोय आहे. बाहेर म्युझियममध्ये जे वगळलंय तिथे अशी पाटी कुठे असते?

एक मात्र, पीस कॉर्प्सचे सरकारी कागद कार्टर लायब्ररीत शोधू नका, ते वॉशिंग्टनजवळ कॉलेज पार्कला नॅशनल आर्काइव्हजच्या मोठ्या इमारतीत असतात. नवीन राष्ट्राध्यक्षांच्या बाबतीत असं आहे की पद सोडल्यावर पाच वर्षांनी माहितीच्या कायद्याखाली मागता येतं, काही प्रकारचे कागद बारा वर्षं बंद ठेवता येतात. तुम्हाला ६०-७० च्या दशकातलं हवं असेल तर बरंचसं उघडंच आहे.

प्रश्न : मुलगी सहावीत, शाळेत केनेडींवर प्रोजेक्ट. बॉस्टनची लायब्ररी गाडीशिवाय जमेल का? किती वेळ ठेवू? — वॉल्थम

जमेल. रेड लाइनने जेएफके/यूमास स्टेशन, तिथून शटल बस. अडीच-तीन तास पुरे, थंडीत कानटोपी घ्या, अगदी समुद्राकाठी आहे, वारा सोडत नाही. आय. एम. पे या आर्किटेक्टची इमारत, १९७९ ची, शेवटी तुम्ही त्या उंच काचेच्या रिकाम्या दालनात येता आणि समोर नुसतं पाणी.

मुलीला एक नारळ शोधायला सांगा. खरंच, नारळाची करवंटी आहे. दुसऱ्या महायुद्धात केनेडींची बोट जपानी जहाजाने कापली, हे लोक पोहत बेटावर पोचले, तेव्हा त्यांनी करवंटीवर चाकूने संदेश कोरला, की अकरा जिवंत आहोत, छोटी होडी हवी, आणि तिथल्या दोन आदिवासी तरुणांच्या हाती पाठवला. सुटका झाली. पुढे प्रेसिडेंट झाल्यावर तीच करवंटी टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवली. अक्षरं अजून वाचता येतात. सहावीच्या प्रोजेक्टला याच्याहून चांगली सुरुवात काय हवी.

तुमच्यासाठी : १९ नोव्हेंबर १९६२ ला, चीन आसामच्या तोंडाशी आलेला असताना, नेहरूंनी एका दिवसात केनेडींना दोन पत्रं पाठवली आणि लढाऊ विमानांच्या तुकड्या मागितल्या. अलिप्ततावादी नेहरूंनी! आपल्याकडे किती वर्षं याच्यावर कुणी अवाक्षर काढत नव्हतं. भिंतीवर ती दिसणार नाहीत, ती आर्काइव्हजची गोष्ट. केनेडींच्या कागदांचा बराच भाग त्यांनी स्कॅन करून मोफत ठेवलाय, लेक प्रोजेक्ट करत असताना तुम्ही बाजूला बसून चाळा.

प्रश्न : आम्ही दोन-तीन लायब्रऱ्या बघितल्या. नवऱ्याचं म्हणणं, प्रत्येक ठिकाणी तेच ओव्हल ऑफिस, तोच फर्स्ट लेडीचा गाऊन, तेच गिफ्ट शॉप. अजून एक बघायची तर कुठली? — न्यू जर्सी

नवऱ्याशी सहमत आहे. ओव्हल ऑफिसची नक्कल एकदा बघितली की पुरे, ट्रूमनकडे आहे, कार्टरकडे आहे, रेगन, क्लिंटन, बुश सगळ्यांकडे आहे, जॉन्सनचं तर मुद्दाम थोडं लहान करून बसवलंय.

तुम्ही हाइड पार्कला जा, फ्रँकलिन रूझवेल्ट. ही पहिली, १९४१ ची, बाकी सगळ्यांनी याचाच कित्ता गिरवला. आणि इथे नक्कल नाही, कारण ते पदावर असतानाच ही बांधली होती आणि स्वतः इथे बसून काम करायचे, ती खोली तशीच आहे. शेजारी त्यांचं राहतं घर. न्यू जर्सीहून गाडीने दीड-दोन तास, नाहीतर ट्रेनने पोकिप्सी आणि पुढे टॅक्सी.

बघायचं काय, तर त्यांची व्हीलचेअर. पोलिओने पाय गेलेले, पण जगाला ते दिसू नये म्हणून हॉस्पिटलसारखी अवजड खुर्ची न वापरता साध्या स्वयंपाकघरातल्या लाकडी खुर्चीला चाकं बसवून घेतली होती. हात टेकायला दांडे पण नाहीत. आणि त्यांची निळी फोर्ड गाडी, १९३६ ची, क्लच-ब्रेक सगळं हाताने चालवायची सोय केलेली. हे दोन बघून मग दुसऱ्या महायुद्धाच्या दालनात गेलं की ते दालन वेगळं दिसतं. गांधीजींनी याच माणसाला सेवाग्रामहून १ जुलै १९४२ ला पत्र लिहिलं होतं, 'प्रिय मित्र' अशी सुरुवात करून, आणि लुई फिशर नावाच्या पत्रकाराच्या हाती पाठवलं होतं. महिन्याभरात छोडो भारत.

प्रश्न : ओबामांची शिकागोची लायब्ररी पण याच यादीत का? — नेपरव्हिल

नाही. जॅक्सन पार्कातलं ओबामा सेंटर त्यांच्या फाउंडेशनचं, नॅशनल आर्काइव्हज ते चालवत नाही. ओबामांचे कागद सरकारकडेच आहेत पण त्यांच्यासाठी वेगळी इमारत न बांधता स्कॅन करून ऑनलाइन द्यायचं ठरलं. आता कायद्याने फाउंडेशनला इमारतीबरोबर देखभालीची भलीमोठी ठेव पण सरकारला द्यावी लागते, ते गणित बघता यापुढचे लोकही असंच करतील असं मला वाटतं. अभ्यासकांना बरं की वाईट यावर भांडणं चालू आहेत. मला विचाराल तर स्कॅन ठीकच, पण शेजारच्या टेबलावरच्या माणसाने 'अहो हे बघा' म्हणून दाखवलेला कागद ऑनलाइन मिळत नाही.

प्रश्न : आपल्याकडे असं काही? — नाशिक

राष्ट्रपतींसाठी बघायचं तर राष्ट्रपती भवनाचं म्युझियम आहे, ऑनलाइन बुकिंग करून जा, मस्त केलंय. पंतप्रधानांसाठी दिल्लीत तीन मूर्तीला प्रधानमंत्री संग्रहालय, १४ एप्रिल २०२२ ला सुरू झालं, सगळे पंतप्रधान एकाच आवारात. नेहरूंच्या वेळचा कागदपत्रांचा मोठा संग्रह तिथेच आहे. पण पद सोडलं की सगळं दप्तर ठराविक मुदतीनंतर लोकांना खुलं, असा इथल्यासारखा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही.

प्रश्न : डिसेंबरच्या सुट्टीत ट्रिप ठरवतोय, बंद नसतात ना? — घाईतला वाचक, सिअ‍ॅटल

थँक्सगिव्हिंग, ख्रिसमस आणि १ जानेवारी या तीन दिवशी बहुतेक सगळ्या बंद. त्याशिवाय वॉशिंग्टनमध्ये बजेटवरून भांडण होऊन सरकार शटडाउन झालं तर यातल्या बऱ्याच बंद पडतात, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये झालं तसं. रिनोव्हेशनसाठी पण महिनोन्महिने दालनं बंद ठेवतात, ट्रूमनची तर दीड-दोन वर्षं बंद होती. तेव्हा विमानाची तिकिटं काढायच्या आधी वेबसाइट बघा, आणि रीडिंग रूमला जायचं असेल तर ती शनिवार-रविवार उघडी नसते, सोमवार ते शुक्रवारच धरा.